सिस्टरने काढलेली नोंद

माझ्या धाकट्या जावेला घरीदारी सगळे ‘सिस्टर’ म्हणतात. उभी हयात तिने वॉर्डात काढली. निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसेल म्हटलं, तर बाईंनी पीएचडीला नाव घातलं. विषय, अंथरुणाला खिळलेल्या रोग्यांची शुश्रूषा. खरं कारण वेगळं होतं: तिला घडवणाऱ्या जुन्या मेट्रनचं नाव कुठेतरी छापून यावं. घरी नातवंडांचा धुडगूस, म्हणून दुपारी माझ्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसायची.

संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर तिला गाइड मॅडमनी शिकवलं. मॅडम तिच्या मुलीच्या वयाच्या. वाचलेला प्रत्येक लेख त्यात चढवायचा, लेखक, वर्ष, पानं भरायची आणि सोबत फाइल जोडायची. बाकीचे विद्यार्थी बटण दाबून मोकळे होत. सिस्टर एकेक अक्षर पडताळून बघे.

“अगं, मशीन आपोआप भरतंय ना?”

“भरतंय हो, ताई. पण परवा त्याने छापखान्यालाच लेखक केलं. वॉर्डात अशाने बाळं बदलायची!”

हा नेटकेपणाच तिला भोवला. वॉर्डात ताप-नाडी तक्त्यावर उतरली की चिठ्ठी फाडून टाकायची, ही तिची जुनी सवय. सगळे संदर्भ चढल्यावर तिने मूळ फाइलींचं बाहेरचं फोल्डर पुसलं, कचऱ्याची टोपलीही रिकामी केली आणि माझ्याकडे चहा मागितला. दुसऱ्या दिवशी एका नोंदीवर क्लिक केलं, तर फाइल सापडेना. दुसरीवरही तेच. सॉफ्टवेअरने फाइल आत घेतलीच नव्हती. ती कुठे ठेवलीय एवढंच लक्षात ठेवलं होतं.

छापील लेख ग्रंथालयाच्या साइटवरून पुन्हा उतरवता आले. पण एक कागद जगात एकच होता. रोग्याला कुशीवर कधी, कसं वळवायचं, याच्या सूचना मेट्रननी स्वतः लिहून वॉर्डाच्या भिंतीला लावल्या होत्या. सिस्टरने तो मेट्रनच्या घरून आणून, स्कॅन करून त्यांना परत दिला होता. त्यावर अख्खं एक प्रकरण उभं होतं. मेट्रन आता हयात नव्हत्या. त्यांची सून फोनवर म्हणाली, “खोली आवरली हो. सगळं रद्दीत गेलं.”

मग मॅडमना फोन लावला. तो स्पीकरवर होता.

“नोंद आहे ना, सिस्टर? राहू द्या. परीक्षक कुठे कागद मागतायत!”

“मागितला तर?”

“तेव्हा बघू.”

मलाही ते पटलं. “अगं, तू डोळ्यांनी वाचलायस. खोटं कुठे आहे त्यात?”

“खोटं नाही, ताई. पण माझ्यामागे कुणी उघडायला गेलं, तर काय मिळेल? वर मेट्रनचं नाव आणि आत काही नाही.”

हे गेले, तरी आमच्या दारावर अजून ह्यांच्याच नावाची पाटी आहे.

वॉर्डात माणूस गेलं की खाटेवरचं कार्ड सिस्टर स्वतः काढायची, दुसऱ्या कुणाला सांगत नसे. तशीच तिने मेट्रनची नोंद काढली. प्रकरण दोन पानांवर आलं, मॅडम कुरकुरल्या, प्रबंध द्यायचा दिवस पुढे गेला.

“आणि त्यांचं नाव गं?” मी न राहवून विचारलं.

“आभारात घालीन. पहिलंच. तिथे फाइल जोडावी लागत नाही.”

चष्मा नाकावर घेऊन तिने पुढचा लेख चढवला. फाइल आत आली का ते उघडून पाहिलं. बंद केली, आणि पुन्हा उघडली.