एक जूनचे गुरुजी

नानासाहेब पिशोरच्या शाळेत तीस वर्षं गुरुजी होते. त्या तीस वर्षांत पिशोरात पोरं बाराही महिने जन्माला येत, पण शाळेच्या रजिस्टरात सगळी एक जूनलाच. पोराला घेऊन आलेला बाप सांगायचा, "गुरुजी, ज्वारी काढणीला आलती तवा झालं." गुरुजी "बरं" म्हणायचे आणि एक जून टाकायचे. शाळा जूनमध्ये उघडते, वय बरोबर बसतं, काम चोख.

आता निवृत्त होऊन ते बजाजनगरात थोरल्या सत्यमकडं राहतात आणि अमेरिकेचा कारभार पाहतात. कारण धाकटा गोकुळ. तो तिकडं शिकायला गेला, व्हिसाची मुदत संपली आणि तिथंच राहिला. त्याला अकरा वर्षं झाली. एकदा बाहेर पडला की परत आत घेणार नाहीत, म्हणून तो येत नाही. त्याची आई यमुनाबाई लेकाला फोनच्या काचेवर पाहतात.

पूर्वी सोसायटीच्या बाकावर नानासाहेब गरजायचे, "ज्याच्याकडं कागद नाय, त्याला हाकला! देश म्हणजे काय धर्मशाळा हाय?" गोकुळचं असं झाल्यापासून ते म्हणतात, "नियम हवाच, पण माणुसकीबी असती." शेजारचे काकासाहेब मुद्दाम डिवचतात, "गुरुजी, ते धर्मशाळेचं काय झालं?"

"ते आपल्याकडं. अमेरिका लई मोठी हाय."

त्या मोठ्या देशाच्या संसदेत, असल्या लोकांना कागद द्यायचे की घालवून द्यायचं, यावर वर्षानुवर्षं वाद चाललाय. एक पक्ष कायदा आणतो, दुसरा पाडतो, मग सुट्टी लागते. नानासाहेब वैतागून फोन पलंगावर आपटतात. "आमच्या ग्रामसभेत निदान चहा झाल्यावर ठराव तरी व्हायचा!"

मार्चमध्ये गोकुळचा फोन आला. त्यानं वकीलबाई गाठली होती. कायदा झालाच तर पहिल्या दिवशी अर्ज जावा, म्हणून ती कागद जमवत होती. कागदात खोट दिसली तर अर्ज बाद.

"नाना, ती विचारतीय, भाऊ वीस जानेवारीचा आणि मी त्याच वर्षीच्या एक जूनचा कसा? आईला पाच महिन्यांत दोन बाळंतपणं झाली का?"

यमुनाबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, काय करून ठेवलंत हे?"

सत्यम शहरातल्या दवाखान्यात जन्मला, त्याचा दाखला खरा. गोकुळ घरीच जन्मला. सत्यम एकटा शाळेत जाईना, म्हणून गुरुजींनी चार वर्षंही न झालेल्या गोकुळला त्याच्या शेजारी पहिलीत बसवलं, वय बसावं म्हणून साल सत्यमचंच टाकलं आणि हात सवयीनं एक जूनवर गेला. दोन तारखा शेजारी ठेवून बघाव्यात, हे गणिताच्या मास्तरांना सुचलं नाही.

"रजिस्टर काढू ना शाळेतलं," नानासाहेब म्हणाले.

"त्यात तुमचंच अक्षर हाय!"

तारीख दुरुस्तीचं प्रतिज्ञापत्र करायला दुसऱ्या दिवशी दोघं नवरा-बायको तालुक्याला, कन्नडच्या तहसील कचेरीवर गेले. बाहेर टेबल टाकून प्रतिज्ञापत्रं टाइप करणारा अप्पाराव पिशोरचाच, गुरुजींचा विद्यार्थी. सगळं ऐकून त्यानं हात जोडले.

"गुरुजी, माझा जन्म दिवाळीतला. तुमच्यामुळं आम्हा चौघा भावंडांचा वाढदिवस एकाच दिवशी. बायको म्हणती, हे घर हाय का वर्ग?"

"गुमान टाइप कर."

"खरी तारीख सांगा मग."

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी," यमुनाबाई म्हणाल्या. "बैलांच्या शिंगांचा रंगबी वाळला नव्हता."

"पोळा दरसाल हलतो, काकू."

"मग सत्यमच्या पुढल्या सालचं पंचांग काढ. बाळंत मी झालते, गुरुजी नाय."

अप्पारावला मोबाइलवर पंचांग सापडलं, तारीख मिळाली. मग त्यानं वाचून दाखवलं, "मी, शाळेचा शिक्षक, माझ्या मुलाची जन्मतारीख अंदाजानं व चुकीची लिहिली."

तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर लाल शाई ओढणारे गुरुजी खुर्चीत ताठ झाले. "'अंदाजानं' राहू दे. 'चुकीची' काढ."

"पोरगं अकरा वर्षं बेकायदा म्हणवून घेतंय," यमुनाबाई म्हणाल्या, "आन तुमाला एक 'चुकीची' सोसंना?"

नानासाहेबांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. "राहू दे तसंच," ते म्हणाले.

"आता तुमची माहिती," अप्पाराव म्हणाला. "गुरुजी, तुमची जन्मतारीख?"

गुरुजी कचेरीच्या पाटीकडं बघू लागले. त्यांनाही लहानपणी कुणी गुरुजी होतेच.

"लिही रे बाबा," यमुनाबाई वैतागून म्हणाल्या, "एक जून."