नळीचं दुसरं टोक

गल्लीत कुणाच्या दारापुढे रेतीचा ढीग पडला, की खोडके सर कापडी पिशवी घेऊन हजर व्हायचे. पिशवीत ओळंबा, काटकोन तपासायचा गुण्या, खुणेची दोरी आणि पारदर्शक नळीचं एक वेटोळं. अकोल्याच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलेला माणूस, पण निवृत्तीनंतर त्यांना वेड लागलं ते लोकांच्या घरांचं.

मी मोबाइलवर व्हिडिओ पाहून घर दुरुस्त करायला निघालो, तेव्हाही ते न बोलावता आले. मी ऐटीत नवी ड्रिल मशीन दाखवली.

"मशीन झाली. ओळंबा कुठी हाये? मिस्त्रीवर भरोसा ठेवा भाऊ, पन भिंतीवर नोको."

त्यांनी माझ्या भिंतीला ओळंबा लावला. भिंत खाली चांगलीच पुढे आलेली निघाली. "पोट सुटलं हिचं," ते म्हणाले. मग नळीत पाणी भरून दाखवलं. "पानी खोटं नाई बोलत. दोन टोकांतलं पानी जिथं थांबलं, तिथं लेवल. फकत हिले दोन मानसं लागतात." हे शेवटचं वाक्य ते नेहमी हळू म्हणायचे, जमिनीकडे पाहत.

त्याचं कारण मला त्यांच्याच घरी कळलं. पावसाळ्यात चिखलाचे पाय धुवायला त्यांच्या बाथरूममध्ये गेलो, तर पाणी जाळीकडे न जाता दारातून माझ्याआधी बैठकीत पोचलं. खोडके काकू गुडघा धरत वायपर घेऊन आल्या आणि पाणी मागे लोटू लागल्या. सरांचे कान लाल झाले.

"फरशी म्याच बसवली," काकू आत गेल्यावर ते म्हणाले. "नळीचं दुसरं टोक धरू का, म्हनून विचारत होती तुमची काकू. मी म्हनलं, तुले काय समजते त्यातलं, तू कुकर पाहा. टोक बांधलं खिडकीले. गाठ सरकली, मले समजलंच नाई. उतार सारा उलटा. आमच्या पोरीले, मंगीले, पाहाले पाहुने आले, पाय धुतले, अन् पानी सतरंजीखाली. बिचारे पाय वर घेऊन बसले चहा पेत. मंगीचं लगन जमलं, पन माही मान त्या दिवसापासून खाली हाये."

"मग फोडून नवी का नाही बसवली?"

"कोन्या तोंडानं? फोडाची तं तिले इचारा लागते ना. इतक्या वर्सांत ते एका शब्दानं नाई बोलली. बोलली असती तं बरं झालं असतं."

म्हणजे लोकांचे उतार तपासत हिंडणारा हा माणूस स्वतःच्या बाथरूमपुढे हरला होता. मला त्यांच्याकडे पाहवेना.

पुढे काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी बजावलं, घरात ओली फरशी चालणार नाही. मग मात्र फरशी फुटली. नळी धरायला मी पुढे झालो, तर सरांनी मला थांबवलं. स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन ते कसेबसे म्हणाले, "अवं, जरा ये ना. दुसरं टोक धरतं काय?"

आतून उत्तर आलं, "कुकर लावेल हाये."

सर तिथेच उभे राहिले, शिक्षा झालेल्या पोरासारखे. मग गॅस बंद केल्याचा आवाज आला. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या, स्टुलावर बसून त्यांनी टोक धरलं आणि म्हणाल्या, "हालवू नोका. पानी थांबू द्या आंधी."

त्या बाथरूमचं पाणी आता सरळ जाळीत जातं. सर ते फार दिवस पाहू शकले नाहीत. झोपेतच गेले.

गेल्या महिन्यात मी माझी मोरी फोडली. दुसऱ्या दिवशी काकू सावकाश चालत आल्या, खांद्याला तीच पिशवी. नळी माझ्या हाती देऊन त्यांनी विचारलं, "दुसरं टोक कोन धरते?"

"तुम्हीच धरा ना, काकू."

त्या माझ्या मागे, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत राहिल्या. तिथे माझी बायको उभी होती. सकाळी ती मदतीला आली, तेव्हा मी तिला म्हणालो होतो, "तुला जमायचं नाही, तू आत हो."

तिला हाक मारायला माझं तोंड उघडेना.