मार्था हद्दीपर्यंत येण्याआधी

सकाळी खिडकीच्या काचेवरचं धुकं पुसून पाहिलं, तर शेजारची सत्तरीची मार्था फावडं घेऊन तिच्या दारातला बर्फ उपसत होती. तेवढ्यात टेक्सासहून लेकीचा फोन आला. "आई, मिनेसोटात अजून किती वर्षं कुडकुडणार? इकडेच ये ना आता कायमची. जानेवारीतही अंगणात बसून चहा पिता येतो."

खोटं नाही. माझे गुडघेसुद्धा तिच्याच बाजूचे आहेत. पण आमच्या या गल्लीत एक रीत आहे. जो आधी उठतो, तो शेजाऱ्याच्या दारापर्यंतची वाटही मोकळी करतो. पहिल्या हिवाळ्यात मी बेसनाचे लाडू घेऊन आभार मानायला गेले, तर मार्थानं लाडू ठेवून घेतले आणि म्हणाली, "आभार राहू दे. उद्या लवकर ऊठ."

तीस वर्षं उठतेय. मी मूळची कोल्हापूरची, आणि उणे वीसमध्ये दुसऱ्याचं दार मोकळं करते, हे सांगताना माझी मान आजही ताठ होते. उन्हात बसून चहा काय, कुणीही पिईल.

"आई, ऐकतेयस ना?"

"ऐकतेय गं. पण आता फोन ठेव. मार्था आपल्या हद्दीपर्यंत आली."