सलीमभाईंच्या सिंथेसायझरमधले आवाज

नाटकमंडळात नाटकं कुणाच्या लक्षात राहत नाहीत. आमच्या नटांच्या तर चालू प्रयोगातही राहत नाहीत. किस्से मात्र साठत जातात. यवतमाळच्या आमच्या हौशी मंडळाचे निम्मे किस्से एका जुन्या सिंथेसायझरच्या नावावर आहेत. बंद पडलेल्या बँड पार्टीकडून तो सलीमभाईंनी आणला. सलीमभाई म्हणजे मिक्सर-पंखे दुरुस्त करणारे मेकॅनिक आणि मंडळाचे ध्वनिसंयोजक. मी त्यांचा सहायक, म्हणजे वायर धरणारा.

हल्ली मोबाइलवर कुठलाही आवाज फुकट मिळतो. पण आमचे दिग्दर्शक पांढरीपांडे सर सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. सोपं काम त्यांना संशयास्पद वाटतं.

*

सरांना एका प्रवेशात पाऊस हवा होता. सलीमभाईंनी दोन दिवस बटनं फिरवून छान सरसरता पाऊस तयार केला. सरांनी डोळे मिटून ऐकला आणि म्हणाले, हा कोकणातला वाटतो, आपल्याकडचा पाहिजे.

सलीमभाईंनी मशीन बंद केली. "हा घ्या आपल्याकडचा."

*

या मशीनला मेमरी नाही. बटनं जशी ठेवाल तसा आवाज निघणार. उमरखेडला जाताना जीपच्या धक्क्यांनी सगळी बटनं आपापल्या मर्जीने फिरली. खलनायकाने पिस्तूल रोखलं, मी कळ दाबली, तर गोळीऐवजी कुकरची शिट्टी निघाली. मरावं की थांबावं, नायकाला कळेना.

मागच्या रांगेतून एक बाई शांतपणे म्हणाल्या, "अजून दोन होऊ द्या."

*

हाच नायक पुढे तक्रार घेऊन आला. आपण रडतो तेव्हा लोक रडत नाहीत, यात दोष अर्थातच साउंडचा. सलीमभाईंनी त्याच्यासाठी एक करुण सूर बसवला. राळेगावच्या प्रयोगात बायाबापड्या खरंच डोळे पुसू लागल्या. नायक छाती फुगवून आत आला, म्हणाला, पोचलं की नाही माझं रडणं?

सलीमभाई म्हणाले, "भाऊ, त्या वक्ताले तुमचा माईक बंद होता."

*

स्पर्धेच्या दिवशी ऐनवेळी मशीनचा फ्यूज उडाला. अख्खं नाटक विनाआवाज झालं. परीक्षकांनी मात्र दुसऱ्या अंकातल्या एसटीच्या अस्सल आवाजासाठी आम्हाला प्रमाणपत्र दिलं. सभागृहामागेच बसस्टँड आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

सलीमभाई म्हणाले, "ड्रायव्हरले देऊन या."

*

मागच्या उन्हाळ्यात सरांच्या बायको, आमच्या काकू, गेल्या. तालमी थांबल्या. दिवाळीनंतर एका सकाळी सर सलीमभाईंच्या दुकानात आले आणि म्हणाले, फाटकाची कडी उघडल्याचा आवाज करून द्या.

सलीमभाईंनी तीन तऱ्हेच्या कड्या वाजवून दाखवल्या. सर दर वेळी नकारार्थी मान हलवत. एरवी सलीमभाई एव्हाना काहीतरी बोलले असते. त्या दिवशी नुसते बटनं फिरवत राहिले.

"नाही," सर म्हणाले. "आधी कडी वाजते. मग जरा थांबते, मगच फाटक करकरतं. हातात भाजीची पिशवी असते ना."

सलीमभाईंनी तेवढं अंतर ठेवून पुन्हा वाजवलं. सरांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, पुन्हा एकदा वाजवा.

वाजवल्यावर सलीमभाईंनी हळूच विचारलं, "कोणत्या नाटकाले पाहिजे, सर?"

"नाटक अजून ठरलं नाही."