हळदीत गेलेले सेल

शिजलेल्या हळदीचा वास आला की मला बापाचा रेडिओ आठवतो. बापाला दिसत न्हवतं, लकव्यानं दोन्ही पाय अन् एक हात गेलेला, बाजेवर रेडिओ तेवढा सोबतीला. सेल उतरले की आमी उन्हात ठिवायचो, मंग अजून दोन दिवस चालायचे. त्या दिवशी मी हुशारी केली. कुरुंदा गावच्या शेतात हळदीला शेवटचं ऊन देऊन राहिलो व्हतो, तिच्यातच सेल खुपसले, म्हणलं बराबर तापतील. अन् लिंबाखाली झोपलो. झोपायचं काम मी लई मन लावून करतो. उठलो तर बायांनी सगळी हळद पोत्यात भरलेली, सेलासकट ती घेऊन ट्रॅक्टर हळद पॉलिश करायच्या मशीनवर गेलेला. संध्याकाळी बाप म्हणे, "बातम्या लाव की रे." नवे सेल दुकानात व्हते, पण मला जायचा कंटाळा. म्हणलं, "बाबा, आज स्टेशनच बंद हाय." "काहून? कोन मोठं माणूस गेलं का?" मला तेवढीच वाट सापडली, म्हणलं, "व्हय." त्यानं नाव इचारलं न्हाई. एकच हात चालायचा, तो कपाळाला लावला. म्हणे, "उद्या लागंल मंग." उजाडता उजाडता बापच गेला. शेजारी अजून कळलं न्हवतं, तिथला रेडिओ बाजारभाव सांगून राहिला, अन् मी बापाजवळ बसून सगळे भाव ऐकले. आता घरात डबाभर नवे सेल हायेत. रेडिओ रोज लावतो, स्टेशन एक दिवसही बंद सापडलं न्हाई.