मळईवरचा देव

मला एका जागी बसवत नाही, हे माहेरी सगळ्यांना ठाऊक होतं. वाकडला सासरी आले तेव्हा काम उरकलं की मी मुळा नदीच्या काठी पळायची. आमच्या मळईवर, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या पट्टीवर, वाळुंजाची दाट झाडी होती आणि मुळांखालच्या बिळांत पाणमांजरं राहायची. पिल्लं आईमागोमाग पाण्यात उतरताना बघितली की जिवाला जरा थारा मिळायचा.

तेव्हा पिंपरीकडे कारखान्यांची बांधकामं निघाली होती. एक वीटभट्टीवाला विटांसाठी मळईची पोयट्याची माती मागायला सारखा यायला लागला. मामंजी, म्हणजे माझे सासरे, नाही म्हणायचे. त्यांचे धाकटे भाऊ मात्र नाही म्हणत नसत, आणि मला त्याचीच धास्ती होती. शेवटी जमिनीची वाटणी झाली तेव्हा मामंजी भावाला मळईवर घेऊन गेले. दोघांनी बेलभंडारा उचलून शपथ घेतली: ही पट्टी दोघांची, नांगरायची नाही, तोडायची नाही, माती विकायची नाही.

धाकट्यांना स्वतःचाच भरवसा नसावा. त्यांनी हद्दीच्या दगडाला शेंदूर फासला. देवाच्या जागेत कुदळ कोण घालणार? वीटभट्टीवाला दगडाला हात जोडून निघून गेला, आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला.

पण देव आला म्हटल्यावर माणसंही आली. कुणी नवस बोललं, कुणी चुली मांडल्या. वाट हवी म्हणून झुडपं तोडली आणि पुण्य लागावं म्हणून सगळा काठ झाडून लख्ख केला. बिळं ओस पडली. मला असा संताप आला, की नैवेद्य घेऊन येणाऱ्या बायकांशीही मी धड बोलेना.

देवानंच पाणमांजरं घालवली, असं मी मामंजींना तोंडावर सांगितलं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मामंजी उठले. मळईवर जाऊन त्यांनी ओल्या दगडाला दोन्ही बाजूंनी कण्हेरीची फुलं चिकटवली आणि कौल लावला: देवा, वेशीत येतोस का? डावं फूल पडलं, म्हणजे नाही. दुसऱ्या दिवशीही डावंच.

"रोज इचारू. त्याचाबी जीव रमलाय हितं," ते म्हणाले.

एकदाचं उजवं पडलं आणि देव वाजतगाजत वेशीत गेला.

वीटभट्टीवाल्याला वास लागलाच. तो थेट धाकट्यांच्या पडवीत येऊन बसला. आमची चूल भिंतीपलीकडेच. मी भाकरी तव्यावर तशीच टाकून दाराआड उभी राहिले. धाकटे बराच वेळ सुपारी कातरत होते. मग म्हणाले, "देव गेला, पर बेल मी उचललाय. न्हाई जमायचं."

भाकरी करपली होती. मी हसत होते.

झुडपं वाढेपर्यंत मी काठावर खेटे घातले. मामंजी तोवर अंथरुणाला खिळले. एका सकाळी खडकावर माशांच्या खवल्यांनी आणि खेकड्यांच्या कवचांनी भरलेली पाणमांजराची विष्ठा दिसली. मी धावतच घरी आले आणि त्यांना सांगितलं.

"ताजी हाय का?"

"ओली हाय, मामंजी."

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "जा, आदी धाकट्याला सांग. त्यानं राखलंय."