भावाच्या पोटातलं माझं लिव्हर

मी दारू पीत नाही. हे वाक्य त्या वर्षी मी इतक्यांदा बोलले की कपाळावर गोंदवून घेतलं असतं तर बरं झालं असतं. रोह्यात एखाद्या बाईचं लिव्हर खराब झालं म्हटलं की लोक आधी तिच्या नवऱ्याकडे बघतात, मग तिच्याकडे, आणि मग आवाज खाली आणून विचारतात, "घेत होतात का थोडी?" मी शाळेत विज्ञान शिकवते. यकृत ही शरीरातली सर्वांत मोठी ग्रंथी, हे फळ्यावर काढून काढून माझे खडू झिजले. त्याच ग्रंथीत माझ्याच पोटात वर्षानुवर्षं चरबी साठत होती आणि आतून ती निबर होत चालली होती. मला पत्ता लागला तो पायांवर सूज आल्यावर आणि पोटात पाणी झाल्यावर.

चरबी कुठून आली म्हणाल, तर आरोग्यातून आली. आमच्या घरात आरोग्याची फारच काळजी घेतली जायची. कोलेस्टेरॉल हा शब्द कानावर पडल्यापासून मी तेलं बदलत आले. शेंगदाण्याचं सोडून करडईचं धरलं, करडईचं सोडून सूर्यफुलाचं. मग कोणी म्हणालं, भाताच्या कोंड्याचं तेल हृदयाला चांगलं, म्हणून ते. पुढे शिक्षकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. त्यातल्या दाढीवाल्या माणसाने ही सगळी तेलं म्हणजे विष आहे असं ठणकावून सांगितलं, तेव्हा लाकडी घाण्याचं तेल आणि घरचं साजूक तूप सुरू झालं. तेल बदलत गेलं, पळी तीच राहिली. शिवाय साखर वाईट म्हणून गूळ, तोही सढळ हाताने. पौष्टिक म्हणून डिंकाचे लाडू. खाल्लेलं खर्च कुठे होतंय, हा प्रश्न मात्र विज्ञानाच्या बाईंना कधी पडला नाही. शाळा चालत जाण्याजोगी होती. मी स्कूटीवर जायचे.

मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, औषधांनी आता भागणार नाही, लिव्हर बदलावं लागेल. घरातल्या कोणी आपल्या लिव्हरचा तुकडा दिला तर लवकर होईल. नवऱ्याचा रक्तगट जुळेना, मुलगी अजून अठराची नव्हती. जुळला तो पेणच्या माझ्या धाकट्या भावाचा.

माझा भाऊ गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतो. मूर्तींचे डोळे तो आखतो आणि ते काम बसल्या जागचं. उजव्या हातात ब्रश, डाव्या हातात वडा, असा त्याचा दिवस जायचा. कारखान्यात येणारी गिऱ्हाइकं त्याच्या पोटाकडे बघून थट्टेने "या मूर्तीचा भाव काय?" असं विचारायची आणि तोही सांगायचा. मी फोनवर रडत रडत त्याला सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, "घेऊन टाक गो ताई. मी तरी काय करतोय त्याचं?"

पण तपासणीत निघालं की त्याच्याही लिव्हरात चरबी आहे. निघणारच. एकाच आईच्या हातचं खाऊन वाढलेलो आम्ही. डॉक्टर म्हणाले, "असं लिव्हर मी कापणार नाही. दिलेला तुकडा तुम्हाला पुरणार नाही आणि मागे राहिलेला यांना पुरणार नाही. वजन उतरवा, ही चरबी उतरते. तीनेक महिन्यांनी पुन्हा स्कॅन करू. त्याहून जास्त यांच्याकडे वेळ नाही." शेवटचं वाक्य माझ्याकडे बोट करून होतं.

मग आहारतज्ज्ञ बाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं. भावाला सांगितलं, निम्मं खा आणि रोज चाला. मला सांगितलं, दुप्पट खा. माझ्या अंगावरचं मांस आजाराने झडत चाललं होतं. अशक्त माणूस इतकं मोठं ऑपरेशन सोसत नाही, म्हणून मी अंडी, डाळ, दूध घ्यायचं, झोपण्याआधीसुद्धा काहीतरी खायचं. मला तर अन्न बघितलं तरी मळमळायचं. लहानपणापासून माझ्या ताटातलं उचलून खाणारा हा माणूस, त्याला उपास. आणि मला मेजवानी. तिथल्या तिथे आम्ही आनंदाने जागा बदलून घेतल्या असत्या.

त्या दिवसापासून माझ्या भावाचं पोट सार्वजनिक झालं. मी रोज सकाळी फोन करायचे, "काय खाल्लंस?" तो सांगायचा. मी म्हणायचे, "आणखी?" तो म्हणायचा, "आणखी काय नाय." माझा विश्वास बसायचा नाही. खरं सांगते, मला त्याचा राग यायचा. तो जे तोंडात घालत होता ते माझ्या लिव्हरात जात होतं, आणि ते लिव्हर पेणमध्ये त्याच्या ताब्यात होतं. मी रोह्यात बसून नुसता फोन करू शकत होते. भावजय सांगायची, "वन्सं, सकाळी स्टेशनपर्यंत चालत जातात हो, नि येतात." पण स्टेशनाच्या वाटेवर भजीची गाडी आहे हे मलाही माहीत होतं.

भाऊबीज आली. वर्षभरात एकदा भावाला पोटभर जेवू घालायचं, यासाठी तर हा सण. मी त्याला ओवाळलं आणि पुढ्यात दुधीची उकडलेली भाजी आणि एक भाकरी ठेवली. माझ्या ताटात अंडी, डाळ, दही, खिचडी. ताम्हनात काय टाकावं म्हणून त्याने खिसे चाचपले आणि म्हणाला, "ओवाळणी काय देऊ? लिव्हर तर बुक झालाय." नवरा हसला, मुलगी हसली. मी भावाच्या भाकरीकडे बघत होते, ती संपेपर्यंत.

आणि मग गणगोत मदतीला धावलं. माझा भाऊ लिव्हर देणार ही बातमी पेणपासून वडखळपर्यंत पोचली होती, आणि अशा पुण्यवान माणसाला उपाशी कसं ठेवायचं? म्हणून प्रत्येकाने त्याच्यासाठी बिनतेलाचं काहीतरी आणलं. मामीने पोह्याचे पापड आणले, टोपलीभर. तळायचे नाहीत, भाजायचे, मग कितीही खा. भावाच्या शेजारच्या खालांचा, म्हणजे मुसलमान मावशींचा, मुलगा आखातातून आला होता, त्यांनी खजुराचा डबा पाठवला. "खजुरात चरबी कुठून येनार?" असा निरोपही बरोबर होता. एका चुलतभावाने शहाळ्यातली मलई आणली, कारण नारळ झाडाचा, आणि झाडाला कोलेस्टेरॉल नसतं. हे शेवटचं तर अगदी खरं आहे, मी वर्गात शिकवते. पण तेल नसलं म्हणजे कॅलरी नसतात, असं मी कोणत्याच वर्गात शिकवलेलं नाही. आमच्या लोकांनी अन्नाचे दोनच भाग केलेत, तळलेलं आणि औषधी.

थंडी पडली आणि वालाच्या शेंगा भरल्या. आमच्याकडे या दिवसांत पोपटी लावतात. मडक्यात खाली भांबुर्ड्याचा रानपाला, वर वालाच्या शेंगा, मसाला लावलेली कोंबडी, अंडी, बटाटे. वरून पुन्हा पाला दाबायचा, मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-गोवऱ्यांचा जाळ करायचा. पाणी नाही की तेल नाही, आपल्याच वाफेवर सगळं शिजतं. भावजयीच्या माहेरच्यांनी वडखळजवळच्या त्यांच्या शेतावर खास माझ्या भावासाठी पोपटी ठेवली. तिच्या वडिलांनी फोनवर मला समजावलं, "त्येलाचा थेंब नाय, ताई. डॉक्टरला इचारा पायजे तर. आमच्या बापजाद्यांना कुनाला कोलेस्ट्रॉल झाला नव्हता." बापजादे दिवसभर मिठागरात राबायचे, हे ते सांगायला विसरले.

मी हट्टाने गेले. नवरा म्हणाला, "तुला झेपणार नाही." मी म्हटलं, "मला लक्ष ठेवायचंय." शाल गुंडाळून मला खुर्चीत बसवलं, आजारी माणसाला बसवतात तसं, सगळ्यांना दिसेल अशा जागी. ऊन उतरलं होतं. मडकी फोडली, वाफ आली, केळीच्या पानांवर ढीग पडले. लगेच अंड्यावर चर्चा सुरू झाली. बलक खायचा की नाही? भावजयीच्या वडिलांचं म्हणणं, पांढरं खावं, पिवळं टाकावं. त्यांनी बलक काढून शेतावरच्या कुत्र्याला घातला. मग सगळ्यांनीच आपापल्या कोलेस्टेरॉलची सोय कुत्र्याकडे लावली. कोंबडीच्या तंगडीबद्दल मात्र कोणाला शंका नव्हती.

भाऊ माझ्याकडे पाठ करून बसला होता. त्याच्याभोवती शेंगांच्या सालांचा ढीग वाढत होता. तो अंडं उचलायचा, सोलायचा, त्याचा हात पुढे जायचा. मग दुसरं उचलायचा. मग आणखी एक. मी बघत राहिले, बघत राहिले आणि मग माझं डोकं फिरलं.

"अरे, ते माझं लिव्हर आहे!" मी ओरडले. "तुझ्या पोटात असलं म्हणून काय झालं? त्यावर अंडी काय रचतोस? मी मेले की खा ना हवं तेवढं, कोण अडवणारे तुला?"

शेतात सगळं थांबलं. कुत्रासुद्धा थांबला. भाऊ उठला आणि माझ्याकडे वळला, तेव्हा त्याच्या हातात एक वाडगा दिसला. त्यात सोललेली अंडी होती आणि सोललेले वालाचे दाणे. तो येऊन माझ्या खुर्चीसमोर जमिनीवर बसला. चांगला बसला, गुडघे मुडपून, पोट आड न येता. त्याला असं बसलेलं मी किती वर्षांनी पाहत होते कोण जाणे. त्याचा शर्ट अंगावर लोंबत होता. मी रोज फोनवर त्याला विचारत होते आणि त्याच्या अंगाकडे एकदाही नीट बघितलं नव्हतं.

"तुझ्यासाठी सोलतोय," तो म्हणाला. "हात कामात असला की तोंड गप ऱ्हातं. मला भूक लागते ताई, लय लागते. रडू येतं कवा कवा. पन मी काय खाल्लं ते तू रोज इचारतेस, तू काय खाल्लंस ते कुनी इचारायचं? भावोजी सांगतात मला. ताट तसंच उचलतेस."

मी नवऱ्याकडे बघितलं. नवरा आभाळाकडे बघायला लागला.

"मी बारीक होऊन बसेन तयार," भाऊ म्हणाला, "आनि तू ऑपरेशनला उरायची नायस. मग मी ह्या लिव्हरचं काय करू? सांग ना. काय करू मी त्याचं?"

हे बोलताना त्याचा आवाज फाटला. मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. मी वाडग्यातलं एक अंडं उचललं आणि खाल्लं. बलकासकट. घशाशी आलं, पाण्याचा घोट घेऊन खाली ढकललं. मग दुसरं. आजूबाजूला वीस-पंचवीस माणसं श्वास रोखून माझा घास बघत होती, जणू कबड्डीचा शेवटचा डाव चाललाय. दुसरं अंडं गिळल्यावर कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मला लाज वाटली, आणि बरंही वाटलं.

त्यानंतर फोन उलट्या दिशेने सुरू झाला. सकाळी तो विचारायचा, "काय खाल्लंस?" मी सांगायचे. तो म्हणायचा, "आनखी?" त्याच्याशी खोटं बोलायची सोय नव्हती, कारण नवरा त्याचा खबऱ्या होता. मला भूक नव्हतीच, ती ऑपरेशनपर्यंत लागली नाही. औषध घ्यावं तसं मी जेवत होते. तिकडे तो भुकेला झोपत होता. दुसऱ्या स्कॅनला डॉक्टरांनी पडद्यावर त्याचं लिव्हर दाखवलं आणि म्हणाले, "आता हे चालेल." मग माझं वजन बघितलं, दंड चाचपून बघितले आणि म्हणाले, "आता तुम्हीही चालाल."

ऑपरेशन झालं. पहिले काही दिवस मला नीट आठवत नाहीत. नळ्या, दिवे आणि तहान. मग एका दुपारी बरगड्यांच्या खाली मधोमध काहीतरी ओढल्यासारखं झालं. थांबलं, पुन्हा झालं. मी घाबरले. नवं लिव्हर बिनसलं असं वाटून मी नर्सला बोलावलं आणि हात ठेवून दाखवलं, "इथे दुखतंय." तिने विचारलं, कसं दुखतंय? मला सांगता येईना. तिने टाके बघितले, पोट दाबून बघितलं, डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी दोन-चार प्रश्न विचारले आणि हसले. "बाई, तुम्हाला भूक लागलीय," ते म्हणाले. नवं लिव्हर टिकावं म्हणून दिलेल्या गोळ्यांनी अशी भूक लागते, त्याच गोळ्यांनी कोलेस्टेरॉलही वाढतं, तेव्हा पुढे जपून खा, असंही सांगितलं. गोळ्यांनी तर गोळ्यांनी. मी तोंडावर हात ठेवून रडले.

भाऊ वरच्या मजल्यावर होता. भावजयीला फोन लावला, तर ती म्हणाली, "ह्यांना जेवण नको झालंय, वन्सं. वाससुद्धा सहन होत नाय." मी म्हटलं, "त्याला सांग, मला भूक लागलीय." तिने सांगितलं असावं. फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज आला.

"खरंच?" भावाने विचारलं.

"अरे, खरंच."

"मग खा गो," तो म्हणाला. "थांबलीस कशाला?"

नर्सने तांदळाची पेज आणली, चिमूटभर मीठ घातलेली. मी वाटी तळापर्यंत चाटून पुसून संपवली आणि आणखी मागितली.